गुणाबाईंची वखार आणि माझा घुमट

१ एप्रिल १९३८, शुक्रवार. गुढीपाडवा. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं, खरं लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. इंग्रजी तारीख एक एप्रिल आली आहे, त्यात विशेष काही समजण्याचं कारण नाही.

संकल्प चार. पहाटे उठणे. जोर पंचवीस. चहा एकच. आणि मरण्यापूर्वी एक अमर इमारत उभी करणे.

चौथा संकल्प काल संध्याकाळी ठरला. बेळगावला पी.डब्ल्यू.डी.च्या ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं काढून मी डिसेंबरात रिटायर झालो आणि हिच्या माहेरी, निपाणीला, राहायला आलो. इथली हवा चांगली, असं कल्याणी म्हणते. इथल्या हवेत तंबाखू आहे, असं मी म्हणतो. ऑफिसात माझा हुद्दा ट्रेसर. म्हणजे मोठे साहेब कागदावर नकाशा काढायचे आणि मी तो ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं उतरवायचा. नकाशावर ज्याची रेघ शेवटची, इमारत त्याची, असं माझं मत आहे. त्या हिशेबानं जिल्ह्यातले अकरा पूल आणि दोन कचेऱ्या माझ्या.

काल मुलींच्या शाळेची सभा होती. शाळा देवळाच्या ओवरीत भरते. त्रेचाळीस मुली, दोन मास्तरणी आणि हेडमिस्ट्रेस वसुधाबाई. खात्याचं पत्र आलं आहे की जुलैच्या पहिल्या आठवड्यात इन्स्पेक्ट्रेस बाई येतील; तोवर धड इमारत नसेल तर शाळेची मान्यता रद्द. मग सातवीच्या नऊ मुलींना फायनलला बसता येणार नाही. त्यांतल्या चौघींची लग्नं केवळ या परीक्षेवर थांबली आहेत. वसुधाबाई हे सांगताना एकदाही थांबल्या नाहीत, पण हातातला कागद चारदा घडी केला.

तेव्हा गुणाबाई उठल्या. तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या विधवा, साठीच्या असतील. म्हणाल्या, "माझी जुनी वखार रिकामीच हाय. सासऱ्याच्या बानं बांधलीया. लारीच्या रस्त्याला नवी झाल्यापास्नं तितं वटवाघळं ऱ्हात्यात. त्यापरीस पोरी ऱ्हाऊ देत."

मी उभा राहिलो आणि म्हणालो, वखारीची शाळा करण्याची पूर्ण जबाबदारी माझी. कुणी काही बोललं नाही. आदरानं माणसं अशीच गप्प होतात.

जोर: आठ. सणाचा दिवस. चहा: तीन.

२ एप्रिल. दुपारी

वखार पाहिली. शिंका सतरा.

वास्तुशास्त्राच्या दृष्टीनं सांगायचं तर इमारत म्हणजे एक मोठी पेटी. लांबी नव्वद फूट, रुंदी बत्तीस. काळ्या दगडाचं जोतं, वर अडीच फूट जाडीच्या भिंती. आत सागवानी खांबांच्या दोन रांगा, सात-सात. प्रत्येक खांब दगडाच्या उथळ बैठकीवर. खांबांवर तुळया, तुळयांवर अर्ध्या भागात फळ्यांचा माळा, कारण तंबाखूची बोदं, म्हणजे गासड्या, वर चढवायची असत. दरवाजा इतका उंच की बैलगाडी भरल्या अंगानं आत यावी. खिडकी एकही नाही. छपराच्या लगत मात्र दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद झरोके, चाळीस तरी असतील. भिंतीला भोकं पाडून ठेवल्यासारखी दिसतात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची.

वर कौलं, खाली शेण, मध्ये तंबाखूचा वास. तो भिंतीत मुरला आहे. उंबऱ्यावर उभं राहून कल्याणी म्हणाली, आत किती गार आहे बघा. बायकांना मुख्य गोष्ट कधी दिसत नाही.

६ एप्रिल

प्लॅन सुरू. पहाटे उठलो नाही, कारण कलावंताला झोप लागते.

९ एप्रिल

प्लॅन चालू. शाई सांडली. तिथे तळं दाखवायचं ठरवलं.

१४ एप्रिल, गुरुवार

शाळेच्या कमिटीपुढे प्लॅन ठेवला. ड्रॉइंग शीट उलगडल्यावर सगळे पुढे वाकले. समोर चार ग्रीक खांबांचा पोर्च. मधोमध घुमट. डाव्या हाताला घड्याळाचा मनोरा. आत व्यासपीठ, ऑफिस, म्युझियम, पाहुण्यांची खोली, आर्किटेक्टसाठी छोटी खोली. झरोके बुजवायचे आणि पश्चिमेला आठ फुटी काचेच्या खिडक्या काढायच्या. व्यासपीठ दिसण्याच्या आड येतात म्हणून मधले चार खांब काढायचे.

वसुधाबाईंनी फार वेळ पाहून विचारलं, "हरिभाऊ, मुली कुठं बसायच्या?"

प्रश्न बारीकसारीक आहे. म्युझियमात बसतील, म्हणालो.

गुणाबाईंनी विचारलं, ह्यो वरचा मडक्यागत काय हाय. घुमट, म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं. घुमट तत्त्वतः मंजूर झाला असं मी समजतो.

१६ एप्रिल

गवंडी नेमला. मष्णू नाव. गुणाबाईंच्या घरचा जुना माणूस, पन्नाशीचा, हाताला कायम चुना. मला 'साहेब' म्हण असं सांगितलं. तो 'अण्णा' म्हणतो. पुन्हा सांगितलं. "व्हय अण्णा," म्हणाला.

प्लॅन दाखवला. त्यानं तो आडवा धरला, मग उभा धरला, मग खाली ठेवून त्यावर ओळंबा ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. नंतर वखारीत जाऊन प्रत्येक खांबावर हातोडीचा दांडा वाजवत फिरला. परत येऊन म्हणाला, "अण्णा, खांब काडू नगासा. त्यातला मावळतीकडला तिसरा तर अजाबात नगो. दोन तुळयांचा जोड त्येच्या डोसक्यावर हाय."

मी त्याला लोड म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. तो ऐकत होता. ऐकताना त्यानं विडी ओढली नाही, म्हणजे बराच परिणाम झाला असावा.

झरोक्यांविषयीही त्याचं काही मत आहे. खालून दारानं वारं येतं, तापून वर जातं, झरोक्यानं बाहेर पडतं; म्हणून तंबाखूला बुरशी येत नव्हती. मी हसलो. तंबाखू आणि विद्यार्थिनी यांत फरक आहे, म्हणालो. तो म्हणाला, "घाम दोगास्नीबी येतोय."

हुकूम दिला: झरोके आठ दिवसांत बंद.

२५ एप्रिल

झरोके उघडेच. मष्णू म्हणतो, चुना भिजतोय.

३० एप्रिल

झरोके उघडे. चुना अजून भिजतोय. जगात इतका कोरडा चुना मी पाहिला नाही.

कल्याणी रोज बाराला माझा डबा घेऊन साइटवर येते आणि दोनला घरी जाते. डबा खायला मला वीस मिनिटं लागतात. उरलेला वेळ ती मष्णू आणि गुणाबाईंशी बोलत असते. काय बोलता, विचारलं. मिरच्यांचं, म्हणाली.

४ मे

वास घालवण्याचा प्रश्न शास्त्रीय रीतीनं सोडवायला घेतला. गुणाबाईंचं म्हणणं, भिंतीचा वरचा गिलावा बोटभर खरवडून काढा आणि तीन हात चुना द्या. नव्या वखारीत कामाला असलेल्या बायका आठ दिवसांत करतील. मी म्हणालो, गंधकाची धुरी. बंद खोलीत गंधक जाळलं की रोग, वास, किडे, सगळं संपतं. ऑफिसच्या रेकॉर्डरूममध्ये एकदा केलं होतं.

दार लावून गंधक पेटवलं. परंतु झरोके उघडे होते, ही मष्णूची चूक. धूर चाळीस ठिकाणांहून गल्लीत उतरला. दोनशेक वटवाघळं भर दुपारी बाहेर आली. शेजारच्या भरमू तेल्याकडे मुलगी बघायला पाहुणे आले होते, ते न जेवताच गेले. भरमू मला शोधत होता. मी त्या वेळी मोजमापांच्या कामात घरच्या माळ्यावर होतो आणि संध्याकाळपर्यंत राहिलो.

वास आहे. आता गंधकाचाही आहे.

५ मे

वखारीतल्या आठ बायका खराटे आणि खुरपी घेऊन आल्या आणि भिंती खरवडू लागल्या. परवानगी कुणी दिली म्हणून विचारलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि खरवडत राहिल्या. मी तो प्रयोग चालू राहू दिला.

१२ मे, गुरुवार

मष्णू तीन दिवस भाचीच्या लग्नाला संकेश्वराकडे गेला. जाताना म्हणाला, "अण्णा, मी येस्तंवर कायबी काडू नगासा."

दीड महिना झाला आणि माझ्या प्लॅनमधलं एक काम पुरं नाही. मोठी कामं करायची तर एका माणसानं हिंमत धरावी लागते. उद्या मावळतीचा तिसरा खांब काढायचा. दोन हमाल सांगितले. कल्याणीला सांगितलं नाही. ती मिरच्यांत गुंतलेली आहे.

१३ मे, शुक्रवार

आज सकाळी साडेदहाला जे घडलं त्याची कारणं पुढीलप्रमाणे.

लाकूड जुनं होतं. हमाल अडाणी होते. पहार एकाच बाजूनं लावली. हवा कोरडी होती. शिवाय मष्णू हजर नव्हता, हे विसरता येत नाही.

खांबाच्या बुडातला दगड सरकवला तोवर सर्व ठीक होतं. मग खांब तिरका झाला. वर काहीतरी कण्हलं. मी हमालांना सांगितलं की तो लाकडाचा स्वाभाविक आवाज आहे. मग तुळईचा जोड उघडला आणि छपराचा तिसरा हिस्सा खाली आला. म्हणजे अगदी तिसरा नाही. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. कौलं, वासे, शंभर वर्षांची धूळ. हमाल आणि मी तोवर दाराशी पोचलो होतो. काही झालं नाही.

सुट्टी असूनही वसुधाबाई सातवीच्या नऊ मुलींना घेऊन आल्या होत्या. बसायच्या चटया विणायला द्यायच्या म्हणून माप घेत होत्या. तिसऱ्या खांबाजवळच. मी त्यांना म्हणालो होतो की तुम्ही आपलं काम करा, आम्ही आपलं करतो. मग कल्याणी पन्हं घेऊन आली आणि सगळ्यांना बाहेर चिंचेखाली बोलावून बसली. मुली बाहेर गेल्याला पाच मिनिटं झाली होती. फार तर सहा.

वसुधाबाईंनी मुली मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग खाली बसल्या.

एका मुलीचं दप्तर आत राहिलं होतं. दुपारी मी ढिगाऱ्यातून काढलं. पाटीचे चार तुकडे झालेत. जुळवून पाहिले. त्रैराशिकाचं उदाहरण होतं. उत्तर बरोबर होतं.

१४ मे

काही नाही.

१५ मे

काही नाही. भात थोडा.

१६ मे

मष्णू आला. वर पाहिलं, खाली पाहिलं. पागोटं काढून खुंटीला लावलं आणि उरलेल्या तुळयांना टेकू द्यायला सुरुवात केली. मला एक शब्द बोलला नाही. शिकलेल्या माणसाशी कसं वागावं हे या लोकांना कळत नाही.

निदान काहीतरी बोलायला हवं होतं.

२३ मे

पुन्हा बरं वाटतं आहे. विचार केला. मोठमोठ्या इमारतींची छपरं बांधकामात कोसळली आहेत. नावं आता आठवत नाहीत. शिवाय घुमटासाठी छपराला भोक पाडावं लागणारच होतं. ते आता आपोआप पडलं आहे.

२९ मे, रविवार

सभा. मला वाटलं होतं की जबाबदारी काढून घेतील. उलट सगळे फार आदरानं बोलले. गुणाबाई म्हणाल्या, नवा खांब हवा, जांबोटीच्या रानातलं सागवान झकास असतं, पण पारख असलेला माणूस पाहिजे. वसुधाबाई म्हणाल्या, असा माणूस एकच आहे. मष्णू म्हणाला, "अण्णाच जाऊ देत." साहेब म्हणाला नाही, पण स्वरात पश्चात्ताप होता.

घरी आलो तर कल्याणीनं माझी ट्रंक भरून ठेवली होती. सभेचा निकाल तिला आधी कसा कळला ते विचारायचं राहिलं. स्वेटर दोन घातलेत. मी म्हणालो, चार दिवसांचं काम. ती म्हणाली, असू देत.

१ जून. जांबोटी

निपाणी ते बेळगाव मोटार. खानापूरपर्यंत दुसरी मोटार. पुढे बैलगाडी. पुढे चालत. मुक्काम भावकू नावाच्या शेतकऱ्याकडे. बेळगावच्या ओळखीच्यानं चिठ्ठी दिली होती. घरात माणसं सहा, गुरं चौदा. मला गोठ्यालगतची पडवी दिली आहे. भावकूला मी इथं येण्याचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "सागवान? आत्ता? पावसाच्या तोंडाला कोन तोडतंय लाकूड? फुगतंय त्ये." त्याला माझा अधिकार कळलेला नाही.

५ जून

पाऊस. ओढ्याला पाणी. गाडी नाही.

६ जून

पाऊस. पायाला जळवा सात. शाळेला सविस्तर पत्र लिहिलं: घुमटाची उंची दोन फुटांनी कमी केली तरी चालेल, एवढी तडजोड करतो. पोस्ट खानापुरात. माणूस जाईल तेव्हा जाईल.

११ जून

झाड निवडलं. भावकू म्हणाला, त्ये साग न्हाय, किंजळ हाय. दुसरं निवडलं. तो म्हणाला, ह्ये साग हाय, पन सरकारचं हाय.

१४ जून

काही काम नाही म्हणून भावकूचा गोठा पाहत पडून असतो. छप्पर पार खाली उतरवलेलं. पावसाची झड आत येत नाही, पण वरच्या फटीतून गुरांची वाफ बाहेर जाते. चौदा गुरं आणि वास कसा तो नाही. भावकूला विचारलं, हे कुणी काढून दिलं? तो म्हणाला, "काडून म्हंजी? गोटा असाच असतोय की."

यावर विचार करायला हरकत नव्हती. केला नाही. झोप आली.

१८ जून

कल्याणीचं कार्ड आलं. मजकूर: सर्व ठीक. इकडची काळजी नसावी. पावसात प्रवास करू नये. आणखी आठ दिवस राहिलात तरी चालेल.

बायको नवऱ्याला एवढी जपते हे पाहून डोळ्यांत पाणी आलं. धूरही होता.

२७ जून, सोमवार. निपाणी

परत आलो. खांब भावकूनं कुणाच्या तरी जुन्या मांडवातला दिला आहे, मागून गाडीनं येईल. थेट वखारीवर गेलो.

शाळा भरली होती.

जे पाहिलं त्याची नोंद तटस्थपणे करतो. छप्पर पूर्ण. माझा, म्हणजे तो, तिसरा खांब पुन्हा आपल्या दगडावर उभा. बुडाला चीर गेली होती तिथं लोहारानं लोखंडी पट्टी आवळली आहे. छपरात तुटलेल्या कौलांच्या जागी मध्ये मध्ये काचेची कौलं. त्यांतून उजेड सरळ खाली, मुलींच्या पाट्यांवर पडतो. खांबांच्या दोन रांगांमध्ये बांबूच्या तट्ट्या बांधून वर्ग केलेत. खांबांचं अंतर जणू वर्गासाठीच ठेवलं होतं असं दिसतं. माळ्याचा एक भाग तसाच ठेवून तिथं पुस्तकं. बोदं ठेवायच्या घडवंच्या कापून बाकं. मोठ्या दाराच्या एका फळीत छोटं दार काढलं आहे, पोरींना ढकलता येईल असं. भिंती पांढऱ्या. जमीन फरशीची.

झरोके सगळे उघडे. बाहेर धो धो आणि आत वारं.

पोर्च नाही. मनोरा नाही. घुमटाचं नावसुद्धा नाही.

मष्णूला विचारलं, हे कुणाच्या नकाशाप्रमाणे? तो कल्याणीकडे पाहू लागला. ती तट्टीला सुतळी आवळत होती. गुणाबाई म्हणाल्या, "तिनं रांगुळी घातली की. सगळ्या जमिनीवर. हितं पैली, हितं दुसरी, हितं पान्याचा माठ. मग पोरी आनून बसीवल्या, उटीवल्या, पुसून फिरून घातली. चार दिस चाललंतं."

मी कल्याणीला विचारलं, स्केल काय घेतलं होतंस?

ती म्हणाली, "आहे तेवढंच."

२८ जून

कल्याणीशी बोलत नाही.

२९ जून

बोलत नाही. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

१ जुलै

शेवटी मीच विचारलं, मला जांबोटीला मुद्दाम पाठवलंत ना. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, हो. मग म्हणाली, "तुम्ही इथं असता तर मष्णू वर चढला नसता. तुम्ही खाली उभे असलात की त्याला भीती वाटते, असं म्हणाला तो. मलाही वाटायची. त्या दिवसापासून."

मी म्हणालो, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का, आणि भाकरी माझ्या ताटात वाढली.

यावर उत्तर आहे. सुचलं की लिहीन.

५ जुलै, मंगळवार

इन्स्पेक्शन. संकल्पाप्रमाणे पहाटे उठलो. कोट, टोपी, खिशात तेरा मिनिटांचं इंग्रजी भाषण: वखारीच्या वास्तूचा इतिहास आणि तिचं माझ्या हातून झालेलं रूपांतर. 'माझ्या हातून' हे शब्द सकाळी खोडले. मग पुन्हा घातले.

इन्स्पेक्ट्रेस बाई साडेदहाला आल्या. उंच, चष्मा, पायांत बूट. दोन तास होत्या. पाऊस एकसारखा. त्यांनी वर पाहिलं. एक थेंब गळला नाही. एका झरोक्याखाली हात धरून वारं लागतं का ते पाहिलं. खांबांवरून हात फिरवला. तिसऱ्याच्या पट्टीशी वाकून पाहिलं आणि वसुधाबाईंना काहीतरी विचारलं. मी दाराशी होतो. वसुधाबाई सगळं सांगतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात दुरुस्ती निघाली होती." एवढंच.

सातवीच्या मुलींना गणित घातलं. नवांपैकी आठ बरोबर.

दोन तासांत त्या इमारतीत एकच माणूस शिंकला. मी.

भाषण झालं नाही. कुणी बोलावलं नाही.

११ जुलै

जांबोटीचा खांब आला. दीड फूट आखूड. चिंचेखाली आडवा टाकला आहे. मुली त्यावर बसून डबा खातात.

१८ जुलै, सोमवार. संध्याकाळी

खात्याचा लिफाफा आला. वसुधाबाईंनी सगळ्यांना शाळेत बोलावलं: कमिटी, गुणाबाई, मष्णू, भिंती खरवडणाऱ्या आठ बायका, कल्याणी. पत्र इंग्रजीत. त्यांचा घसा बसला होता म्हणून म्हणाल्या, हरिभाऊ, तुम्ही वाचा आणि मराठीत सांगा.

उभा राहिलो. पहिलं वाक्य, शाळेची मान्यता कायम. ते सांगितल्यावर पुढचं काही वेळ कुणी ऐकलं नाही. गुणाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. त्यांचा चष्मा स्वच्छच होता. सातवीच्या मुली तट्टीआड होत्या, त्यांतली एक रडायला लागली आणि बाकीच्या तिला हसू लागल्या.

मग इमारतीविषयीचा परिच्छेद. उजेड उत्तम. हवा उत्तम. बाईंनी या भागात पाहिलेल्या मुलींच्या शाळांत ही सर्वांत समंजस इमारत. मी हे जरा मोठ्यानं सांगितलं. पुढचं वाक्य डोळ्यांनी आधी वाचलं आणि थांबलो.

वाक्य असं: जुन्या बांधणाऱ्याची अक्कल इथे कुठेही झाकून टाकलेली नाही, आणि सुदैवानं या कामात कुणा आर्किटेक्टनं हात घातलेला दिसत नाही.

तिथं इंग्रजी येणाऱ्या फक्त वसुधाबाई होत्या. पत्र त्यांनी आधीच वाचलेलं असणार. त्या खाली हजेरीपट पाहत राहिल्या. वाक्य गाळलं असतं तर त्यांनी वर पाहिलं नसतं, हे मला कळलं. मग शब्दाला शब्द सांगितलं, 'सुदैवानं'सकट.

आणि वाट पाहिली. सगळे माझ्याकडे वळतील, निदान एक तरी जण तोंडाला पदर लावेल, असं धरून उभा होतो. कोटाचं बटण धरलं होतं.

कुणी वळलं नाही. बायकांनी माना डोलावल्या. गुणाबाई म्हणाल्या, बरं लिवलंय. मष्णूनं विचारलं, "अण्णा, आर्किटेक म्हंजी कोन?"

इमारतीचा नकाशा काढतो तो, म्हणालो.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं, खरोखर आठवून पाहिलं, आणि म्हणाला, "मग तसा कोन न्हवताच की आपल्यात."

नव्हता, म्हणालो. पुढचा परिच्छेद पिण्याच्या पाण्याविषयी होता. तो वाचला.

कल्याणीनं सगळ्यांना पेढे दिले. माझ्या हातावर दोन ठेवले. का ते विचारलं नाही.

निघताना वसुधाबाईंनी विचारलं की बुधवारी दुपारी मोठ्या मुलींचा ड्रॉइंगचा तास घ्याल का; शिकवणारं कुणी मिळत नाही. माझे बरेच व्याप आहेत, विचार करून कळवतो, असं सांगितलं. बाहेर येऊन वहाणा घातल्या, छत्री उघडली. चिंचेपर्यंत गेलो. मग छत्री मिटली, परत आत गेलो आणि हो म्हणून आलो.

बुधवार परवा. पेन्सिली टोकून ठेवल्या.